आयर्लंडमध्ये फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर : रोजचं काम नक्की कसं असतं?

रेघोटी

नमस्कार मंडळी,

पुण्यात अभिनवमधून अप्लाइड आर्ट केलं, मग काही वर्षं एजन्सीत पॅकेजिंग केलं. लग्नानंतर डब्लिनला आले. इथे एका छोट्या स्टुडिओत नोकरी आहे. माणसं चांगली आहेत, तक्रार काहीच नाही, पण स्वतःचं काम सुरू करायचं बरेच दिवस डोक्यात घोळतंय. नुकताच स्टॅम्प ४ (स्वतःचा धंदाही करू देणारी इथली राहण्याची परवानगी) हातात पडलाय.

'किती कमावता' हे मला विचारायचं नाहीये. दिवस कसा जातो ते हवंय. खरंच डिझाइन करता की मेलच लिहीत बसता? कामं येतात कुठून? पैसे वेळेवर मिळतात का? आजारी पडलात तर काय? घरात एकटं बसून कंटाळा येत नाही का? इथे कुणी हे करत असेल तर हातचं न राखता लिहा. दुसऱ्या देशांतले अनुभवही चालतील, पण नियमांचं म्हणाल तर आयर्लंडचेच सांगा.

कॉर्ककर

वा, विषय चांगला काढलात. मी कॉर्कमध्ये बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे जरा ऐसपैस लिहितो.

चांगला दिवस असेल तर निम्मा वेळ डिझाइन. बाकी अंदाजपत्रकं, फोन, प्रिंटरशी बोलणं आणि अडकलेल्या पैशांची आठवण करून देणं. मी सकाळी साडेअकरापर्यंत मेलला हात लावत नाही, तेवढा वेळ निव्वळ कामाला. पहिल्यांदा असं केलं की ग्राहक नाराज होतील असं वाटतं, पण कुणीही होत नाही.

काम कसलं असतं त्याचा नमुना सांगतो. वेस्ट कॉर्कमध्ये चीज करणारी छोटी छोटी कुटुंबं आहेत. त्यातल्या एकांचं लेबल चाललंय. वरचं चित्र (डोंगर, गाय, आडनाव) दोन दिवसांत झालं. खरी कसरत मागच्या बाजूची. युरोपच्या अन्न लेबलच्या नियमानुसार सक्तीच्या मजकुरात लहान एक्स अक्षराची उंची कमीत कमी १.२ मिलिमीटर हवी. पाकिटाची सर्वांत मोठी बाजू ८० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ०.९ चालते. घटकांच्या यादीत दूध ठळक दिसलं पाहिजे, कारण ते अॅलर्जीच्या यादीत आहे. शिवाय लंबगोलात आयई (आयर्लंडची खूण), कारखान्याचा मान्यता क्रमांक आणि ईसी (युरोपची खूण). हे सगळं माझ्या तळहातापेक्षा छोट्या जागेत. मालकीणबाईंना तिथेच आजोबांची गोष्टही हवी होती. शेवटी गोष्ट झाकणाच्या आतल्या कागदावर गेली आणि त्या खूश झाल्या. मला विचाराल तर आमचं कौशल्य चित्रापेक्षा अशा ठिकाणी लागतं.

कामं येतात ओळखीतून. देश लहान आहे. एका चीजवाल्याचं नीट झालं की त्याचा मेहुणा सायडर करत असतो.

डब्लिनची_सून

रेघोटी, तुझं स्टॅम्पचं काम झालंय, पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहून ठेवते, कारण दर महिन्याला कुणीतरी हे विचारतंच.

स्टॅम्प १जी वर नोकरी करता येते, स्वतःचा धंदा करता येत नाही. पदवीनंतर मिळणारा १जी असो की परमिटवाल्याच्या जोडीदाराला मिळणारा, दोन्हीकडे हेच. स्टॅम्प २ वरच्या विद्यार्थ्यांनाही सत्रात आठवड्याला २० तासांची नोकरी चालते, फ्रीलान्सिंग नाही. 'एखादा लोगो केला तर कुणाला कळतंय' असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना सगळा इतिहास नीट लागतो.

शाईपेन

+१. आणि इथून भारतातल्या ग्राहकाचं काम करून पैसे तिकडच्या खात्यात घेतले तर चालतं, हाही गैरसमज आहे. काम करताना तुम्ही कुठे बसलेले असता ते बघतात.

हिशेबनीस

मी डिझायनर नाही, पण माझे बरेच अशील याच क्षेत्रातले आहेत. पैशाचा भाग सांगते.

सोल ट्रेडर (कंपनी न काढता एकट्याने धंदा करणारा) म्हणून रेव्हेन्यूकडे, म्हणजे इथल्या कर खात्याकडे नोंदणी करायची, ऑनलाइन होते. स्वतःच्या नावाऐवजी 'अमुक स्टुडिओ' असं नाव लावायचं असेल तर ते सीआरओकडे (कंपन्यांच्या नोंदणी कार्यालयाकडे) नोंदवायचं, ऑनलाइन फी २० युरो. दरवर्षी फॉर्म ११ (आयकराचं विवरणपत्र) भरायचा. तारीख ३१ ऑक्टोबर, रॉसवरून (रेव्हेन्यूच्या ऑनलाइन सेवेवरून) भरलात आणि पैसेही तिथूनच दिलेत तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मुदत मिळते.

नवीन माणसाचे डोळे पांढरे होतात ते दुसऱ्या वर्षी. त्या वेळी मागच्या वर्षाचा कर आणि चालू वर्षाचा आगाऊ कर दोन्ही एकदम येतात. आगाऊ म्हणजे चालू वर्षाच्या ९० टक्के किंवा मागच्या वर्षाच्या १०० टक्के. म्हणून आलेल्या प्रत्येक रकमेतला ३० टक्के भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. उत्पन्न ४० टक्क्यांच्या पट्ट्यात जात असेल तर आणखी जास्त.

व्हॅट : सेवांसाठी मर्यादा जानेवारी २०२५ पासून वर्षाला ४२,५०० युरो आहे. त्यापुढे गेलात की नोंदणी सक्तीची, आणि डिझाइनला दर २३ टक्के. ग्राहक मोठी कंपनी असेल तर तिला तो परत मिळतो, तिला फरक पडत नाही. पण कॅफेवाला स्वतः व्हॅटमध्ये नसेल किंवा संस्था धर्मादाय असेल तर तुमचं काम त्यांना एका रात्रीत २३ टक्क्यांनी महाग होतं. म्हणून मर्यादेच्या जवळ यायच्या आधीच ठरवा की तुमचे ग्राहक कोण असणार.

रेघोटी

@हिशेबनीस, खूप आभार. हे वेगळ्या खात्याचं आजच करते. आजारपणाचं काय?

हिशेबनीस

स्वयंरोजगारवाले पीआरएसआय (इथली सामाजिक विम्याची वर्गणी) वर्ग एस मध्ये येतात. त्यात बाळंतपणाची रक्कम मिळते, निवृत्तिवेतनासाठी वर्षं मोजली जातात, आणि नोव्हेंबर २०१९ पासून धंदा बंद पडला तर बेकारभत्ताही आहे. पण आजारपणाचा भत्ता या वर्गात नाही. फ्लू होऊन आठवडाभर झोपलात तर तो आठवडा तुमचा. इन्कम प्रोटेक्शनचा विमा घ्या, हप्त्यावर करसवलत मिळते.

मुक्काम_गॉलवे

पैसे वेळेवर मिळण्याबद्दल माझा अनुभव. एका हॉटेलचं पूर्ण ब्रँडिंग केलं. मेन्यू, पाट्या, संकेतस्थळ सगळं. काम त्यांना इतकं आवडलं की उद्घाटनाला बोलावलं, भाषणात कौतुक केलं. पैसे मिळायला उन्हाळा उलटला. दर वेळी फोनवर इतकं गोड बोलायचे की रागावताही येईना. इथे तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही हे तेव्हा कळलं. 'पुढच्या आठवड्यात बघतो' याचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा.

आता निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय मी फाइल उघडत नाही.

शाईपेन

गॉलवेकर, कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१२ चे उशिरा पैसे देण्याबाबतचे नियम आहेत. करारात वेगळं काही नसेल तर ३० दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर युरोपियन सेंट्रल बँकेच्या दरावर ८ टक्के जास्त धरून व्याज. शिवाय वसुलीच्या खर्चापोटी ठरावीक भरपाई : १,००० युरोपर्यंत ४०, त्यापुढे १०,००० पर्यंत ७०, त्याहून मोठ्या रकमेला १००. इनव्हॉइसच्या तळाशी ही एक ओळ टाका.

कॉर्ककर

कायदा आहे हे खरं, पण वापरतो कोण? मी या गावात राहतो. त्या माणसाची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात, रविवारी हर्लिंगच्या मैदानावर तो माझ्या शेजारी उभा. त्याला व्याजाचं बिल पाठवलं तर पुढचं काम तर जाईलच, त्याच्या भावाचंही जाईल.

शाईपेन

असहमत. व्याज घ्या असं कुठे म्हटलंय, ओळ टाका म्हटलंय. मी ती टाकायला लागल्यापासून अकाउंट्स विभागातून स्वतःहून फोन येतात. मोठ्या कंपनीत तुमचं बिल कुणी मुद्दाम अडवत नाही, ते कुणाच्या तरी मेलमध्ये पडलेलं असतं. ओळ दिसली की ते वरती येतं. बाकी कामाआधी पर्चेस ऑर्डरचा क्रमांक मागून घ्या. तो नसेल तर बिल यंत्रणेत चढतच नाही.

डब्लिनची_सून

स्मॉल क्लेम्सला (छोट्या दाव्यांच्या न्यायालयात) जाता येतं ना? २,००० युरोपर्यंत?

हिशेबनीस

नाही. तिथे विकत घेतलेल्या मालाच्या किंवा सेवेच्या तक्रारी जातात, थकबाकीची वसुली त्यात बसत नाही. ग्राहक युरोपच्या दुसऱ्या देशात असेल तर मात्र ५,००० युरोपर्यंतची युरोपियन स्मॉल क्लेम्सची वेगळी वाट आहे.

त्यापेक्षा मोठं हत्यार तुमच्या हातात आधीपासून आहे. आयर्लंडच्या २००० सालच्या कॉपीराइट कायद्यानुसार फ्रीलान्सरने केलेल्या कामाचा हक्क पहिल्यांदा त्याचाच असतो. पैसे दिले म्हणून तो आपोआप ग्राहकाकडे जात नाही, लेखी द्यावा लागतो. करारात लिहा : 'पूर्ण रक्कम जमा झाल्यावर हक्क हस्तांतरित होतील.' मग हॉटेलने पैसे न देता पाटी लावली तर ती तुमच्या मालकीच्या चित्राची लावली असं होतं.

मुक्काम_गॉलवे

हे वाक्य आज माझ्या करारात गेलं. जियो.

पुणेरी_खलिता

एक शंका. आयर्लंडमध्ये कलाकारांना आयकर माफ आहे असं ऐकलंय. मग एवढा हिशेब कशाला?

हिशेबनीस

ती सवलत १९६९ पासून आहे, पण ती पुस्तकं, नाटकं, संगीतरचना, चित्रं आणि शिल्पं यांच्यातल्या मूळ निर्मितीला, आणि आता वर्षाला ५०,००० युरोपर्यंतच्याच उत्पन्नाला. चीजचं लेबल त्यात बसत नाही.

कॉर्ककर

चीजचं लेबल हे माझ्या मते शिल्पच आहे, पण रेव्हेन्यूला कोण सांगणार :)

ढोलताशा

विषय निघालाच आहे तर. सप्टेंबरात गणपती आहेत, मंडळाला पोस्टर, बॅनर आणि स्मरणिकेचं मुखपृष्ठ हवंय. कुणी वेळ काढू शकेल का? मानधन नाही, पण पहिल्या पानावर नाव नक्की.

डब्लिनची_सून

ढोलताशा, राग मानू नका, पण मंडळ हॉलचं भाडं देतं, केटररला देतं, ढोलांच्या वाहतुकीला देतं. डिझायनरलाच फक्त नाव का?

ढोलताशा

आम्ही सगळेच फुकट राबतो हो. मी स्वतः रात्री दोनपर्यंत मखर लावतो.

शाईपेन

दोघांचंही पटतं. मी मंडळाचं काम दर वर्षी करते आणि आनंदाने करते, पण तीन अटींवर. मजकूर एकाच माणसाकडून येणार. तो एकदाच येणार. सुधारणा एकाच फेरीत. मागच्या वर्षी कार्यकारिणीतल्या सगळ्यांनी व्हॉट्सअॅपवर वेगवेगळे रंग सुचवले होते, तेव्हापासून अटी आल्या. आणि बिल बनवते, त्यात पूर्ण रक्कम लिहून खाली तेवढीच सूट दाखवते. काम किती किमतीचं होतं ते सभेत सगळ्यांना दिसतं.

ढोलताशा

अटी मान्य. बिलाची कल्पनाही आवडली, कार्यकारिणीपुढे ठेवतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रेघोटी

मंडळाच्या पोस्टरवरून आठवलं. इथे आयरिश भाषेतलं काम कुणी केलंय का? आमच्या स्टुडिओत ते कायम दुसऱ्याकडे जातं.

मुक्काम_गॉलवे

गॉलवेत ते टाळताच येत नाही, बाहेर पडलं की गेलटाख्त (आयरिश बोलणारा भाग) सुरू होतो. सरकारी संस्थांच्या पाट्यांवर आयरिश मजकूर आधी यावा लागतो आणि त्याची अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान चालत नाहीत. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारी संस्थांच्या जाहिरातींपैकी किमान २० टक्के आयरिशमध्ये असाव्या लागतात, त्यामुळे काम वाढलंय.

आपल्या लोकांना यात एक फायदा आहे. आयरिशमध्ये स्वरांवर फादा असतो, ती वरची तिरकी रेघ. कॅपिटल अक्षरांत मथळा घेतला आणि ओळी जवळ बसवल्या की फादा वरच्या ओळीत घुसतो. फक्त इंग्रजीत काम केलेला डिझायनर तो खाली दाबतो किंवा अक्षरच बारीक करतो. आपण रफार, वेलांटी, खालचे उकार यांना जागा देत वाढलोय, आपला हात आपोआप ओळींमधलं अंतर वाढवतो. मी पहिल्या पाटीचा आराखडा दाखवला तेव्हा तिथल्या भाषा अधिकाऱ्याने फादा मोजून बघितले आणि एकही खूण नीट करायला सांगितली नाही. मजकूर मात्र भाषांतरकाराकडून तपासून घ्याच, फादा राहिला तर शब्द बदलतो.

शाईपेन

अगदी. आणि देवनागरीचं काम इथे आलं तर मुक्त किंवा बलूसारखे मुंबईच्या एक टाइपचे फॉन्ट मोफत आहेत, दिसायलाही देखणे. मंडळांनी कृपया ते वापरावेत, ही कळकळीची विनंती.

अंधारकोठडी

एकटेपणाबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. डिसेंबरात डब्लिनला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारच्या आत मावळतो. घरूनच काम, बाहेर पाऊस, बोलायला कुणी नाही. पहिला हिवाळा मला फार जड गेला. आता आठवड्यातले दोन दिवस डन लिअरीच्या लेक्सिकन वाचनालयात बसतो. फुकट आहे, समोर समुद्र आहे आणि आजूबाजूला माणसं असतात. घरी टेबलावर ५,००० केल्विनचा दिवा आहे, नाहीतर त्या पिवळ्या उजेडात छापील प्रूफचे रंग तपासताच येत नाहीत.

सुरू करणारच असाल तर वसंतात करा. नाताळच्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत देश बंद असतो, कुणी बिलं भरत नाही. डिसेंबरची बिलं नोव्हेंबरात पाठवायची.

कॉर्ककर

हंगामाचं बरोबर आहे. सेंट पॅट्रिक्सच्या आधी पब, मे महिन्यात कम्युनियनची (चर्चमधल्या मुलांच्या विधीची) कार्डं, उन्हाळ्यात पर्यटन आणि महोत्सव. निवडणूक लागली की पोस्टरं. खांबाखांबावर प्लॅस्टिकच्या पत्र्याची पोस्टरं दिसतात ती मतदानाआधी फार तर ३० दिवस लावता येतात आणि नंतर सात दिवसांत उतरवावी लागतात. त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं कायद्याने सक्तीचं आहे, ते विसरू नका. चालत्या गाडीतून नाव वाचता आलं पाहिजे, एवढंच त्याचं डिझाइन.

नियम बदलला की कामं येतात. १ फेब्रुवारी २०२४ ला रिकाम्या बाटल्या-कॅन परत दिल्या की अनामत परत मिळण्याची डिपॉझिट योजना सुरू झाली तेव्हा प्रत्येक कॅनवर नवं चिन्ह यायचं होतं. त्या हिवाळ्यात पॅकेजिंग करणाऱ्या कुणालाही उसंत नव्हती.

पंचगंगा

मी कोल्हापुरातून एका आयरिश एजन्सीचं काम करतो. हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. त्यांची सकाळ सुरू होते तेव्हा माझी दुपार, त्यामुळे सकाळ पूर्ण माझी. जीएसटीत नोंदणी आणि एलयूटी (निर्यातदाराचं हमीपत्र) असल्यामुळे निर्यातीवर कर लागत नाही. ते सोपं काम माझ्याकडे पाठवायचे, बॅनरचे वेगवेगळे आकार वगैरे. आता तेवढं सॉफ्टवेअर करतं. गेल्या वर्षी ते काम जवळजवळ थांबलं, म्हणून मी पॅकेजिंगचं प्रीप्रेस (छपाईआधी फाइल तयार करणं) शिकलो. ते टिकून आहे, कारण छपाईत चूक झाली तर पूर्ण रीळ फुकट जातं आणि जबाबदारी घ्यायला माणूसच लागतो.

पुणेरी_खलिता

एआय आलंय तर रेघोटींनी नोकरी सोडावीच का, हा खरा प्रश्न आहे.

कॉर्ककर

माझ्याकडे दोघे ग्राहक एआयने केलेला लोगो घेऊन आले. एकाला तो दुकानाच्या पाटीवर कापून हवा होता, पण रेषाच बंद होत नव्हत्या. मी नव्याने काढून दिला. अशा दुरुस्तीचे पैसे पूर्ण घ्या, लोगोचेच पैसे ते.

रेघोटी

सगळे वाचतेय आणि वहीत उतरवतेय. एक सांगायचं राहिलं. आज मालकांशी बोलले. ते म्हणाले, 'तू बाहेर पड, पण आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडेच फ्रीलान्स ये, दिवसाच्या दराने.' मला तर हे फार सोयीचं वाटलं. घेऊ ना?

हिशेबनीस

थांबा, इथे नीट बघा. त्यांच्याच टेबलावर, त्यांनी ठरवलेल्या वेळात, त्यांच्या सांगण्यानुसार, तुमच्याऐवजी दुसरं कुणी पाठवता येत नाही, असं असेल तर रेव्हेन्यू तुम्हाला नोकरच धरेल. पिझ्झा पोचवणाऱ्या चालकांच्या खटल्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे तपासायचे पाच प्रश्न घालून दिलेत. करारावर 'फ्रीलान्सर' लिहिलं म्हणून भागत नाही. थकलेल्या कराची झळ आधी मालकांना बसते, पण तुमच्या सुट्ट्या आणि आजारपणाची रजा मात्र आजच जाते.

दोन सरळ रस्ते आहेत. एक, तीन दिवसांची अर्धवेळ नोकरी पगारावर ठेवा आणि उरलेले दिवस सोल ट्रेडर व्हा. हे दोन्ही एकाच वेळी चालतं. दोन, दिवसाच्या दराऐवजी प्रकल्पाच्या दराने, स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या वेळेत काम घ्या.

डब्लिनची_सून

पहिला रस्ता घे गं. रजा राहते, पगाराची पावती राहते. घराचं कर्ज काढायचं असेल तर बँका स्वयंरोजगारवाल्यांना साधारण दोन-तीन वर्षांचे हिशेब मागतात.

मुक्काम_गॉलवे

पहिला रस्ता, पण वर्षभरापुरता. कायमचा केलात तर स्वतःचे ग्राहक कधीच उभे राहत नाहीत, माझ्या दोन मित्रांचं तसं झालंय.

अंधारकोठडी

आणि लोकल एंटरप्राइझ ऑफिसचा (छोट्या धंद्यांना मदत करणारं सरकारी कार्यालय) 'स्टार्ट युअर ओन बिझनेस' कोर्स करा. तिथे शिकण्यापेक्षा तुमच्यासारखेच सुरुवात करणारे बेकरीवाले, सुतार, योगशिक्षक भेटतात. सगळ्यांना लोगो हवा असतो.

रेघोटी

ठरलं. मालकांना तीन दिवसांच्या पगारी नोकरीचं विचारते. कोर्सला नाव आत्ताच घातलं. स्वतःच्याच नावाने काम करायचं ठरवलंय, म्हणजे सीआरओचे ते २० युरोही वाचले.

@कॉर्ककर, कमी प्रतींची लेबलं नीट छापणारा कुणी आहे का तुमच्याकडे? हजारेक प्रती, वाळल्यावर पाण्याने रंग न जाणाऱ्या. माझी शेजारीण चटण्या करते, पहिलं काम तिचंच आहे.

कॉर्ककर

आहे, व्यनि केलाय. चटणी आहे म्हणजे मोहरी आणि तीळ ठळक करायला विसरू नका, दोन्ही अॅलर्जीच्या यादीत आहेत. आणि बरणी फ्रिजमध्ये ठेवून लेबल तपासा, थंड काचेवर दव धरलं की साधा गोंद सुटतो.